कावळ्याला दिलेला शब्द

अच्युतराव पांढरीपांडे आयुष्यात एकदाच कावळ्याशी बोलले, आणि तेही चारचौघांत.

बड्या तलावाच्या घाटावर दहावं होतं. हर्षलचं, त्यांच्या मुलाचं. बत्तीस वर्षांचा धडधाकट मुलगा माघातल्या एका रात्री पोटभर जेवून झोपला आणि सकाळी उठलाच नाही. गुरुजींनी पिंड मांडले, सगळे चार पावलं मागे सरले आणि आकाशाकडे माना करून उभे राहिले. भोपाळचे कावळे कुणाची भीडभाड ठेवत नाहीत. पलीकडे पोहे-जिलबीचा ठेला होता, तिथे त्यांची पंगत बसली होती. पिंडाकडे एकही फिरकेना.

नागपूरहून आलेले थोरले भाऊ मधुकरराव अशा कामांत मुरलेले. त्यांनी हात जोडून सुरुवात केली. "हर्षल, बाबा रे, आईला आम्ही अंतर देणार नाही." कावळा नाही. "तुझ्या वडिलांना एकटं पडू देणार नाही." नाही. "केतकीचं लग्न थाटात करू." केतकी ही हर्षलची धाकटी बहीण, आणि तिचं लग्न होऊन दोन वर्षं झाली होती, पण अशा वेळी माणूस तोंडाला येईल ते कबूल करत सुटतो.

अच्युतराव मनातल्या मनात चरफडत होते. कारखान्याच्या टेस्ट विभागात त्यांची उभी हयात गेली होती. टनावारी वजनाचे रोटर, म्हणजे विजेच्या यंत्रांचे फिरते गाभे, नेमल्यापेक्षा जास्त वेगाने फिरवायचे आणि ते टिकतात की नाही ते काट्यावर पाहायचं, हे त्यांचं काम. काटा सांगेल ते खरं, बाकी सगळं थोतांड. पण ओल्या पंचाने त्या थंडीत उभं असताना त्यांना एकच गोष्ट कुरतडत होती. पोराला काहीतरी हवं आहे आणि ते काय हे आपल्याला, त्याच्या बापाला, ठाऊक नाही.

तेवढ्यात प्रतीक कानाशी आला. हा हर्षलचा शाळेपासूनचा मित्र, आता एका कॉलेजात गणित शिकवतो. "काका," तो हळूच म्हणाला, "त्याची ती टेस्ट अजून चालू आहे. रूममध्ये. कोणी बंदच नाही केली. ते म्हणून बघा ना."

अच्युतरावांनी हात जोडले. "हर्षल, तुझी ती संख्या... तुझं ते गणित मी पूर्ण करतो."

आणि कावळा आला. सरळ पिंडावर बसला, चोच मारली आणि निघून गेला.

कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडते, हे अच्युतरावांनी आजवर किती जणांना ऐकवलं असेल त्याची गणती नाही. त्या दिवशी मात्र ते घाटाच्या पायरीवर बसून लहान मुलासारखे हमसून हमसून रडले.

आता ही संख्या म्हणजे काय प्रकरण, ते सांगायला हवं. मूळ संख्या आपण सगळेच शाळेत शिकतो आणि परीक्षा झाली की विसरतो. जिला एकाने आणि तिच्या स्वतःनेच भाग जातो ती. पाच, सात, अकरा. सुरुवातीला या पावलोपावली भेटतात, पुढे पुढे विरळ होत जातात, पण संपत मात्र कधीच नाहीत. जगभरातली काही हौशी मंडळी आजवर कुणाला सापडली नसेल एवढी मोठी मूळ संख्या हुडकत असतात. ज्याने त्याने आपापल्या घरच्या कॉम्प्युटरवर एकेक संख्या वाटून घ्यायची आणि तपासायची. हर्षल नोकरी करायचा विमा कंपनीचं सॉफ्टवेअर सांभाळायची, आणि खोलीत त्याचा जुना कॉम्प्युटर रात्रंदिवस हे उद्योग करत घरघरत असायचा.

त्याच्या वाट्याला आलेली संख्या अशी, की दोनाला दोनाने गुणत जायचं, चौदा कोटींहून जास्त वेळा, आणि शेवटी एक वजा करायचा. लिहून काढली तर सव्वाचार कोटी आकडे होतात. कॉम्प्युटरच्या शून्य-एकच्या भाषेत लिहिली तर नुसते एक, एक, एक. कोट्यवधी एक ओळीने उभे, मध्ये औषधालाही शून्य नाही. हे त्याने जेवताना मोठ्या कौतुकाने सांगितलं, तेव्हा त्याची आई मंजूषाबाई पोळी वाढता वाढता म्हणाल्या, "म्हणजे ही बया कुणालाच जवळ येऊ देत नाही. अगदी तुझ्यासारखी. इतकी स्थळं दाखवली, एकीला हो म्हणशील तर शपथ."

"अगं आई, ती मूळ आहे हे ठरलंय कुठे अजून? भाग जातही असेल."

"मग लवकर ठरव. मला नातवंडं बघायची आहेत."

हर्षल हसला होता. नंतरच्या महिन्यांत अच्युतरावांना त्याचं दुसरं काही आठवायचं नाही, ते हसणं तेवढं आठवायचं.

दिवसकार्य उरकलं, नागपूरची मंडळी नागपूरला गेली, केतकी पुण्याला गेली, आणि भोपाळातल्या अवधपुरीच्या त्या घरात दोन म्हातारी माणसं आणि एक घरघर उरली. अच्युतरावांनी मनावर घेतलं. सकाळी चहाआधी आणि संध्याकाळी दिवेलागणीला ते हर्षलच्या खोलीत जायचे, चष्मा चढवायचे आणि किती टक्के झाले ते पाहायचे. टेस्ट विभागात शिकलेला धडा त्यांच्या रक्तात होता. एकदा लावलेली टेस्ट मध्ये थांबवायची नाही, मग बाहेर आभाळ कोसळो.

चैत्रात प्रतीक भेटायला आला तेव्हा त्यांनी त्याला समोर बसवून सगळं विचारून घेतलं.

"सोपं आहे काका. चारपासून सुरू करायचं. त्याचा वर्ग, वजा दोन. मग त्याला आपल्या मोठ्या संख्येने भागायचं आणि बाकी ठेवायची. त्या बाकीचा परत वर्ग, परत वजा दोन, परत भागायचं. असं करोडो वेळा. शेवटी बाकी झिरो आली तर संख्या मूळ. नाही आली तर नाही."

"म्हणजे आता निम्मं झालंय, तर निम्मा अंदाज येतो का?"

"बिलकुल नाही. नव्याण्णव टक्के झाले तरी काही कळत नाही. जे कळायचं ते एकदम शेवटच्या पायरीला."

"आणि आली शून्य, तर?"

"तर काका, दुनियेतली सगळ्यात मोठी मूळ संख्या आपल्या हर्षलची. रेकॉर्डमध्ये कायम त्याचं नाव. पुढे कोणी मोठी शोधली तरी या संख्येसमोर नाव हर्षलचंच." प्रतीक थांबला. मुलगा प्रामाणिक होता. "पण चान्स फार कमी आहे. समजा, दहा लाखात एक."

"एक आहे ना?"

"काका, खरं सांगू का, चान्स म्हणणंही चूक आहे. ती मूळ आहे की नाही ते आधीपासूनच ठरलेलं आहे. आपण नव्हतो, पृथ्वी नव्हती, तेव्हापासून. मशीन फक्त विचारतंय."

अच्युतरावांना हे आवडलं नाही. ठरलेलंच आहे म्हटल्यावर माणसाने आशा तरी कशाची करायची? पण आशेला कुणाची परवानगी लागत नाही. त्या दिवसापासून त्यांनी मनात एक चित्र धरून ठेवलं. बाकी शून्य आली आहे, कुठल्या कुठल्या देशांतली माणसं त्या संख्येचं नाव काढत आहेत, आणि संख्येबरोबर हर्षल अच्युत पांढरीपांडे हे नाव घेत आहेत. नातू नाही, सून नाही. निदान हे राहील. याच्यापुढे त्यांना काही नको होतं. आणि हे त्यांनी मंजूषाबाईंना सांगितलं नाही. उगाच तिला आशेला लावायचं आणि मग तोंडघशी पाडायचं, त्यापेक्षा नकोच.

वैशाखात टक्के अडखळायला लागले. सकाळ ते संध्याकाळ जेवढं काम पुढे सरकायला हवं तेवढं सरकेना. अच्युतरावांनी हिशेब मांडून पाहिला, रोज दुपारचे दोन-तीन तास कुठेतरी गळत होते. निदान झालं: ऊन. भोपाळचं वैशाखातलं ऊन माणसाला आडवं करतं, तिथे यंत्राची काय कथा! ते अशोका गार्डनच्या बाजारात जाऊन नवा पंखा घेऊन आले, कॉम्प्युटरचं झाकण उघडलं, ब्रशने धूळ झाडली. फरक नाही. खिडकीला जुनी चादर ओली करून लावली. फरक नाही. मग सॉकेट बदललं, वायर बदलली, व्होल्टेज तपासलं. रोटरमध्ये केसाएवढी चीर पडली तर आवाजावरून ओळखणारा हा माणूस एका टेबलाखालच्या डब्यापुढे हात टेकून बसला. यंत्र बिघडलं की बिघाड यंत्रातच शोधायचा, अशी सवय लागलेली. घरात आणखी एक माणूस आहे, हे त्यांच्या डोक्यातच आलं नाही.

मग एका दुपारी बेडरूममधल्या कूलरची मोटर अडकली. कूलर खडखडून थांबला आणि त्या शांततेने अच्युतरावांना जाग आली. शांतता जरा जास्तच होती. घरघर नव्हती.

ते तसेच उठून हर्षलच्या खोलीत गेले. कॉम्प्युटर बंद होता. मंजूषाबाई जमिनीवर बसल्या होत्या, पाठ पलंगाला टेकलेली, एक हात त्या बंद डब्यावर. झोपलेल्या पोराच्या पाठीवर ठेवतात तसा.

त्या दचकल्या नाहीत. "थांबा," म्हणाल्या, "पाच मिनिटांत लावते."

"तू बंद करतेस?"

"हो."

"रोज?"

"तुम्ही झोपलात की."

अच्युतराव दारातच उभे राहिले. "अगं, मी पंखे काय आणतोय, वायरी काय बदलतोय! बाजारात जाऊन घामाघूम होऊन येतोय! आणि तू मजा बघतेस?"

"मजा?" मंजूषाबाईंनी मान वर केली. "त्याचे कपडे तुम्ही देऊन टाकलेत. गाडी प्रतीकच्या भावाला दिलीत. मोबाइल बंद केलात. त्याच्या हाताने लावलेलं आणि अजून चालू असलेलं या घरात एवढंच आहे. हे संपलं की काय आहे आपल्याकडे? संपू नये म्हणून थोडं थोडं थांबवते. तेवढेच चार दिवस पुढे."

"पण मी शब्द दिलाय."

"कुणाला?"

अच्युतरावांच्या तोंडून निघून गेलंच. "कावळ्याला."

एरवी या वाक्यावर दोघं पोट धरून हसली असती. लग्न झाल्यापासून अच्युतरावांनी तिच्या व्रतांची, सोळा सोमवारांची टिंगल केली होती.

"कावळ्याला दिलात," मंजूषाबाई म्हणाल्या. "मला कुणी विचारलं? घाटावर आम्हाला नेत नाहीत. मी घरात पाट मांडून बसले होते. मी असते ना तिथे, तर म्हटलं असतं, हर्षल, तुझं हे मी कधी बंद पडू देणार नाही. पूर्ण करते असं नसतं म्हटलं. आईला विचारलं असतंत तर कळलं असतं त्याला काय हवंय ते."

"त्याला काही नकोय आता! तो गेलाय, मंजू!"

हे ते ओरडून बोलले. इतके महिने दोघांनी जपून जपून न उच्चारलेलं वाक्य, आणि उच्चारलं तेही असं, भांडणात, फेकून मारल्यासारखं. त्यांना तत्क्षणी वाईट वाटलं, पण शब्द काही परत घेता येत नाहीत. मंजूषाबाई उठल्या. त्यांनी बटण दाबलं, घरघर सुरू झाली, आणि त्यांच्याकडे न पाहता त्या बाहेर गेल्या. "घ्या," जाता जाता म्हणाल्या, "करा पूर्ण."

त्यानंतर त्यांनी त्या खोलीत पाऊल टाकलं नाही. टक्के पुन्हा नीट सरकू लागले. अच्युतरावांना हवं होतं ते मिळालं, आणि घरात दिवसाकाठी चार वाक्यं बोलली जाऊ लागली, तीही भाजी आणि दुधाबद्दल. ते एकटेच त्या पडद्यापुढे बसायचे आणि मनातल्या मनात त्या संख्येला विनवायचे, बाई गं, नको जाऊ देऊस भाग. सव्वाचार कोटी आकड्यांच्या, कुणाचं काही न ऐकणाऱ्या त्या संख्येला! पुढे पुढे त्यांना वाटायला लागलं की शून्य आली तर मंजूही पुन्हा बोलेल. तिला त्या नावापाशी घेऊन येता येईल, हे बघ म्हणून दाखवता येईल.

ज्येष्ठातल्या एका सकाळी ते काम संपलं. ना घंटा वाजली, ना दिवा लुकलुकला. अच्युतराव चहा घेऊन आत गेले तर पडद्यावर इंग्रजीत एक ओळ उमटलेली होती. ही संख्या मूळ नाही. पुढे आकडे आणि अक्षरं यांची एक मिसळ, म्हणजे शेवटी उरलेली बाकी. त्यांनी ती ओळ पुन्हा पुन्हा वाचली. मग कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला आणि आणखी एकदा वाचली. मग प्रतीकला फोन लावला.

"शून्य नाही आली रे."

"काका... मला माहीत होतं. तरी वाटत होतं."

"भाग जातो म्हणजे कशाने जातो? ते कुठे दिसतं?"

"ते या टेस्टमध्ये नाही कळत."

"नाही कळत म्हणजे?"

"भाग जातो हे पक्कं. कुठल्या संख्येने, ते माहीत नाही. एवढ्या मोठ्या संख्येचा भाजक शोधणं म्हणजे... काका, कदाचित कोणालाच कधी नाही सापडणार."

साकेत नगरच्या हॉस्पिटलात हर्षलचं शवविच्छेदन करणाऱ्या तरुण डॉक्टरने अगदी हेच सांगितलं होतं. हृदय ठीक, मेंदू ठीक, विष नाही, मार नाही. मृत्यू झाला हे नक्की, कशाने झाला ते सापडलं नाही. "मग तुमच्या त्या शास्त्राचा उपयोग काय?" ते फोनवर ओरडले. "मोडलं, मोडलं, एवढंच सांगायला तुम्ही बसलात? मोडलं ते मला दिसतंय! कशाने मोडलं ते सांगा ना कुणीतरी!" अच्युतरावांनी फोन ठेवून दिला. सगळा जन्म कशाने मोडतं ते शोधण्यात गेला होता, आणि घरचं एक सापडू नये! त्यांना स्वतःची लाज वाटली, देवाचा राग आला, आणि देव नाही असं मानत आल्याचाही राग आला.

ओरडणं ऐकून मंजूषाबाई दारात आल्या होत्या. कित्येक दिवसांनी.

"नाही ना?" त्यांनी विचारलं.

"नाही."

त्यांनी मान हलवली, जणू दूधवाला आज येणार नाही असं कुणी सांगितलं. मग त्या थबकल्या. "मग हे चालू कसं?"

घरघर खरंच थांबली नव्हती. अच्युतरावांनी पडद्याकडे वळून पाहिलं. निकालाच्या ओळीखाली नवी ओळ आली होती. एक काम संपलं की यंत्र आपणहून पुढचं मागून घेतं, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. आणि हर्षल गेला, हे यंत्राला कुणी सांगितलं नव्हतं. नवी संख्या होती, आधीहून जराशी मोठी. शून्य टक्के. वर हर्षलचं नाव.

"मंजू," ते घाईघाईने म्हणाले, "हे बघ, दुसरी घेतली त्याने. त्याच्याच नावावर. ही येईल कदाचित. प्रतीक म्हणालाच होता, एक असतो चान्स. आणि नाही आली तर आणखी आहेत. यांना अंत नाही. तुला हवं तेव्हा थांबव, दुपारी थांबव, मी काही म्हणणार नाही. मी वायरी बघणार नाही."

मंजूषाबाई जवळ आल्या. त्यांनी वाकून ती ओळ वाचली. पोराचं नाव बोटाने पडद्यावर एकदा चाचपलं. क्षणभर त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं, आणि अच्युतरावांना वाटलं, जमलं.

"नाव आहे हो त्याचं," त्या म्हणाल्या. "पण ही त्याने लावलेली नाही. त्याने लावलेली होती ती संपली."

"राहू दे गं. काय जातंय आपलं?"

"नको."

अच्युतरावांनी तिचा हात धरायला हात पुढे केला, पण तोवर तिने बटण दाबलं होतं. पंखा दोन-चार फेऱ्या मारून थांबला. रस्त्यावरून भाजीवाल्याची हाक ऐकू आली. इतके महिने या खोलीत ती कधी ऐकू आली नव्हती.

अच्युतराव खुर्चीत बसून रडू लागले, आवाज न करता, नाक ओढत. मंजूषाबाईंनी त्यांना रडू दिलं. मग त्या पलंगाकडे वळल्या. माघातल्या त्या सकाळी त्याला उचलून नेलं, तेव्हापासून गादीवरची चादर तशीच सुरकुतलेली होती, कुणीच तिला हात लावला नव्हता. मंजूषाबाईंनी उशी बाजूला ठेवली आणि चादर एका कोपऱ्यातून सोडवायला घेतली. पलीकडचा कोपरा गादी आणि भिंतीच्या मध्ये अडकला होता, त्यांचा हात पोचेना. थोड्या वेळाने अच्युतराव उठले, नाक पुसलं आणि भिंतीकडच्या बाजूला जाऊन त्यांनी तो सोडवून दिला.